उभ्या ट्रकची बॅटरी आणि सूर्याची राखण

जून महिना लागला की बोर्ली पंचतनच्या बाजारात ट्रकमालकांमध्ये एकच बोलणे असते: गाडी कुठे लावायची? पाऊस सुरू होताच जांभ्याच्या चिऱ्याच्या खाणी बंद पडतात, वीटभट्ट्या थंड होतात, बांधकामे थांबतात. म्हसळा, माणगाव, श्रीवर्धनकडे दिवसाला दोन खेपा करणारी गाडी घरामागच्या वाडीत किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ताडपत्री ओढून उभी राहते. मग तीन महिने तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

पाऊस ओसरतो, पहिल्या भाड्याचा निरोप येतो, मालक बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवतो आणि सेल्फ नुसता 'टक्' असा आवाज करून गप्प होतो. मग धावाधाव सुरू होते. शेजारच्या गाडीची बॅटरी मागून आणायची, केबल शोधायची, नाहीतर दहा माणसे जमवून धक्का मारायचा. एवढे करून गाडी चालू झाली तरी संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी बॅटरीवाला तपासून सांगतो की प्लेटी गेल्या, नवी जोडी घ्यावी लागेल. भाडे दुसऱ्याला गेलेले असते आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गाठीचे पैसे सुटतात.

आपल्या भागात बरेच ट्रक आखातात पंधरा-वीस वर्षे राबून आणलेल्या कमाईतून घेतलेले आहेत. अशा गाडीची बॅटरी दर दोन वर्षांनी निष्काळजीपणाने मारणे हा एका अर्थी इस्राफच आहे. यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. उभ्या गाडीवर एक लहानसे सौर पॅनेल बसवले तर बॅटरी तीन महिनेच काय, वर्षभरही भरलेली राहू शकते. मात्र ते किती मोठे घ्यावे, कसे जोडावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे समजून घेतले पाहिजे. आजचा पाठ त्याविषयी आहे.

बॅटरी उभ्याउभ्या का बसते?

ट्रकमध्ये वापरली जाणारी शिसे-गंधकाम्लाची बॅटरी फ्रान्सचे शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधून काढली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देते. म्हणून पूर्ण भरलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ व्होल्ट म्हणजे ती सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. लहान टेंपोत बहुधा एकच असते.

गाडी बंद असली तरी बॅटरी दोन वाटांनी रिकामी होत असते.

पहिली वाट तिच्या स्वतःच्या पोटातली. कोणतीही बॅटरी काहीही न जोडता ठेवली तरी हळूहळू उतरते. नवी चांगली बॅटरी महिन्याला चार-पाच टक्के उतरते, जुनी त्याहून जास्त. हवा जितकी उष्ण तितका हा वेग वाढतो. वर धूळ, ओल आणि आम्लाचा थर साचला असेल तर त्या थरातूनही दोन टर्मिनलांमध्ये वीज झिरपते. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे विशेष घडते.

दुसरी वाट गाडीतली. घड्याळ, टेप, जीपीएस यंत्र आणि नव्या गाड्यांतले संगणक चावी काढल्यावरही थोडी वीज खात राहतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या सुरू झाल्यावर गाडीतली इलेक्ट्रॉनिक साधने आणखी वाढली. ही गळती पाहायला अगदी लहान असते, ३० ते ५० मिलिअँपिअर. पण ती रात्रंदिवस चालते. ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास होतो.

आता हिशेब करू. गाडीची गळती रोज १ अँपिअर-तास आणि बॅटरीची स्वतःची उतरण रोज पाव अँपिअर-तास, मिळून सव्वा. नव्वद दिवसांत ११२ अँपिअर-तास. बॅटरी जर शंभर अँपिअर-तासांची असेल तर पाऊस संपण्याआधीच ती कोरडी पडली! सेल्फ 'टक्' का करतो, याचे उत्तर या गणितात आहे.

खरे नुकसान कोणते?

बॅटरी रिकामी झाली तर पुन्हा भरता येते, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. चिंता रिकामी होण्याची नाही, रिकामी राहण्याची आहे.

बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. लगेच चार्ज केले तर हा थर विरघळून परत आम्लात जातो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली तर त्या थराचे कडक खडे बनतात. ते मग सहज विरघळत नाहीत. प्लेटीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शंभराची बॅटरी साठाची होते, पुढच्या पावसाळ्यानंतर तिसाची. बाहेरून पाहता खोका तोच, वजन तेच, पण आत ताकद नाही.

म्हणून बॅटरी सांभाळणे म्हणजे ती सदैव भरलेली ठेवणे. उन्हाळ्यात भरून ठेवली आणि विसरलो, याने भागत नाही.

फुकटचा उपाय आधी

पैसे खर्च करण्यापूर्वी जे विनामूल्य करता येते ते करावे. गाडी लावताना बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद करावा, तो नसेल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवावा. यामुळे गाडीची गळती पूर्ण थांबते आणि फक्त बॅटरीची स्वतःची उतरण उरते. नव्वद दिवसांत ती वीस-पंचवीस अँपिअर-तासांपर्यंत जाईल. बॅटरी नवी असेल आणि आधी पूर्ण चार्ज केली असेल तर एवढ्यावर गाडी सुरू होईलही.

यात एक सावधगिरी आहे. बीएस-६ च्या ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, वापरतात त्यांत चावी बंद केल्यावर पंप नळीतले द्रावण परत ओढून घेतो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढे थांबूनच कट-ऑफ बंद करावा, नाहीतर नळीत द्रावणाचे खडे धरतात.

काही मालक दर आठवड्याला गाडी दहा मिनिटे चालू करून ठेवतात. याने समाधान मिळते, बॅटरी भरत नाही. उतरलेल्या बॅटरीला पूर्ण भरायला तासन् तास लागतात आणि शेवटचा भाग ती फार सावकाश घेते. उलट मोठे इंजिन तासभर उभ्याने चालवले तर लिटर-दोन लिटर डिझेल जाते. दर आठवड्याचे हे डिझेल तीन महिने मोजून पाहावे, म्हणजे पॅनेलची किंमत त्यातूनच निघताना दिसेल.

फुकटचा उपाय अपुरा पडतो तो तीन ठिकाणी: बॅटरी जुनी असेल, जीपीएस चालू ठेवणे गरजेचे असेल, किंवा मधूनच एखादी खेप येत असेल आणि गाडी केव्हाही सुरू व्हायला हवी असेल. अशा वेळी सौर पॅनेल घ्यावे.

पॅनेल काय करते?

सिलिकॉनचे सौर घट प्रथम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये जगापुढे ठेवले. आपल्या देशात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये पहिला सौर घट तयार केला. उभ्या गाडीची बॅटरी राखण्यासाठी त्याचा उपयोग करणे ही नवी कल्पना नाही. या शतकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगन कंपनीच्या अमेरिकेत पाठवल्या जाणाऱ्या काही गाड्यांत काचेजवळ लहान सौर पट्ट्या ठेवल्या जात. जहाजावर आणि वखारीत पडून असताना बॅटरी उतरू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनेलमध्ये साधारण ३६ घट असतात. भर उन्हात, काही न जोडता, ते २१-२२ व्होल्ट दाखवते आणि काम करताना १७-१८ व्होल्टवर वीज देते. २० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे १.१ अँपिअर देते. म्हणजे ही पंखा चालवण्याइतकी मोठी वीज नव्हे. गळक्या हंड्यात थेंबथेंब पाणी टाकून तो काठोकाठ ठेवावा, तसे हे काम आहे.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बसलेली बॅटरी लहान पॅनेलने उठत नाही. पन्नास अँपिअर-तासांची तूट एक अँपिअरच्या धारेने पावसाळ्यात भरून काढायला आठवडे जातील आणि तोवर खडे धरलेले असतील. आधी गॅरेजमध्ये चार्जरवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, मगच ती पॅनेलच्या राखणीत द्यावी.

किती वॅटचे घ्यावे?

यात सर्वांत मोठी चूक होते. लोक मे महिन्याच्या उन्हाकडे पाहून पॅनेल घेतात आणि गाडी उभी राहते जुलैमध्ये. बोर्लीच्या परिसरात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सूर्याचे दर्शन होत नाही असे कित्येक दिवस जातात. म्हणून हिशेब नेहमी जुलैचा करावा.

मे महिन्यात दिवसभराचे ऊन एकत्र केले तर पाच-साडेपाच तास भर उन्हाइतके भरते. पावसाळ्यात सरासरी तीन तास धरावे आणि काळ्याकुट्ट झडीच्या दिवशी जेमतेम एक तास.

आता चोवीस व्होल्टच्या ट्रकचा हिशेब असा:

गाडीची गळती रोज १ अँपिअर-तास.
बॅटरीची स्वतःची उतरण पाव अँपिअर-तास.
चार्ज कंट्रोलर स्वतः दहा मिलिअँपिअरच्या आसपास वीज खातो, त्याचे पाव अँपिअर-तास.
एकूण गरज रोज दीड अँपिअर-तास.

वीस-वीस वॅटची दोन पॅनेले एकापुढे एक जोडली तर चोवीस व्होल्टच्या बॅटरीला १.१ अँपिअर मिळतात. सरासरी पावसाळी दिवशी तीन तासांचे ३.३ अँपिअर-तास. मळ, तार आणि चार्जिंगमधली घट वजा जाता अडीचच्या वर उरतात. गरज भागून वर शिल्लक! झडीच्या दिवशी मात्र एकच तास मिळेल आणि अर्ध्या अँपिअर-तासाची तूट येईल. सलग दहा दिवस झड लागली तरी पाचेक अँपिअर-तास जातील आणि उघडीप मिळताच भरून निघतील.

दहा-दहा वॅटची पॅनेले घेतली असती तर सरासरी दिवशीही गरज पुरती भागली नसती आणि झडीत बॅटरी उतरत गेली असती. म्हणून मोठ्या ट्रकला वीस वॅटची दोन आणि बारा व्होल्टच्या टेंपोला वीस वॅटचे एक, हे माप आपल्या किनाऱ्यावर योग्य ठरते. ज्याची गळती जास्त त्याने त्या प्रमाणात वाढवावे.

आपल्या गाडीची गळती मोजणे अवघड नाही. सर्व काही बंद करून, चावी काढून, निगेटिव्ह क्लॅम्प सोडावा. मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून त्याची एक काडी टर्मिनलला आणि दुसरी क्लॅम्पला धरावी. संगणक झोपी जायला अर्धा तास द्यावा आणि मग आकडा पाहावा. मीटर जोडलेला असताना चावी मुळीच फिरवू नये, मीटरचा फ्यूज जाईल.

कंट्रोलर का हवा?

जे पॅनेल जुलैला पुरेल ते एप्रिल-मेमध्ये गरजेच्या तिप्पट वीज देईल. ती जादा वीज बॅटरीत ढकलत राहिली तर पाणी उकळल्यासारखे आटते, प्लेटी उघड्या पडतात आणि बॅटरी जळते. कंट्रोलरचे काम दारावरच्या राखणदाराचे आहे. बॅटरी भरली की तो धार आखडतो आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला १३.५ ते १३.८, तर चोवीसच्या जोडीला २७ ते २७.६ व्होल्टवर धरून ठेवतो. रात्री पॅनेल अंधारात असताना बॅटरीची वीज उलट पॅनेलमध्ये जाऊ न देणे हेही त्याचेच काम.

साधा पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर या कामाला पुरेसा आहे. मात्र तो चोवीस व्होल्टला चालणारा आहे ना, शिशाच्या बॅटरीवर लावलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. लिथियमच्या सेटिंगवर राहिला तर बॅटरीचे नुकसान होईल.

जोडणी कशी करावी?

१. बॅटरीचे टर्मिनल कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, कोरडे करावे, घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. घरांवर बूच असेल तर पाण्याची पातळी पाहावी. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही नाही.

२. चोवीस व्होल्टच्या जोडीत कंट्रोलरच्या तारा दोन्ही टोकांना लावाव्यात, म्हणजे एका बॅटरीच्या मोकळ्या पॉझिटिव्हला आणि दुसरीच्या मोकळ्या निगेटिव्हला. दोघींना जोडणाऱ्या मधल्या पट्टीला हात लावू नये. टेप किंवा दिव्यासाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि तिच्यामुळे दुसरीही मरते.

३. कट-ऑफ बंद ठेवायचा असेल तर तारा थेट बॅटरीवर याव्यात, कट-ऑफच्या पलीकडे नाही.

४. पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतरात पाच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार कुठे घासली तर आग लागू नये म्हणून हा फ्यूज असतो, त्यात काटकसर नको.

५. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, नंतर पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल, नंतर बॅटरी. हा क्रम चुकला तर कंट्रोलर बारा की चोवीस हे नीट ओळखत नाही, कधी जळतोही.

६. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची खात्री मल्टिमीटरने करावी, तारेच्या रंगावर विसंबू नये.

७. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पेटी हवेशीर ठेवावी आणि जवळ बिडी-काडी पेटवू नये.

जोडून झाल्यावर निर्धास्त होऊ नये. पंधरा दिवसांनी सकाळी, ऊन येण्यापूर्वी, व्होल्ट मोजावे. चोवीसच्या जोडीवर २५ च्या वर आकडा असेल तर राखण नीट चालली आहे. २४.५ च्या खाली येऊ लागला तर सावली, मळ किंवा सैल जोड शोधावा. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजाव्यात. दोघींत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर कमी असलेली आजारी आहे असे समजावे.

आपल्या हवेतल्या तीन अडचणी

पहिली सावलीची. गाडी वाडीत, नारळ-फणसाखाली लावण्याची आपली रीत आहे. पॅनेलमधले घट माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक असतात. एका घटावर फांदीची सावली पडली तरी साऱ्या माळेची धार आखडते. म्हणून गाडी झाडाखाली असेल तर पॅनेल घराच्या पागोळीजवळ किंवा कुंपणाच्या खांबावर मोकळ्या उन्हात लावून तार गाडीपर्यंत आणावी. दहा-बारा मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार उत्तम. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण वीस अंशांचा असावा. उतारामुळे पावसाचे पाणी साचत नाही आणि काच धुतली जाते. ताडपत्री पॅनेलवरून ओढायची नाही, हे सांगायची गरज नसावी, पण तीही चूक घडते.

दुसरी मिठाची. समुद्रावरून येणारा वारा लोखंड खातो. स्टँड गॅल्व्हनाइझ केलेला आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तारेचे जोड नुसते पिळून टेप मारू नयेत, ते झाळून त्यावर आवरण चढवावे. कंट्रोलर केबिनमध्ये किंवा पाणी न लागणाऱ्या डबीत असावा. महिन्यातून एकदा काच गोड्या पाण्याने पुसावी.

तिसरी वाऱ्याची. २०२० ची आठवण इथे केल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. चिरा, वीट, बांधकामाच्या मालाची वाहतूक थांबली आणि अनेक ट्रक उभे राहिले ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. त्यातच ३ जून रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांत घरांची छपरे नेली, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या आणि विजेचे खांब पाडले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणजे ज्या वेळी पत्रे, ताडपत्री, पाणी आणि शिधा वाहून नेण्यासाठी प्रत्येक गाडीची गरज होती, त्या वेळी दोन महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी चार्जरवर लावायलाही वीज नव्हती. ज्याची बॅटरी भरलेली, त्याची गाडी रस्त्यावर, आणि त्याच बॅटरीवर शेजाऱ्यांचे फोनही चार्ज होऊ शकत होते.

या आठवणीतून दोन धडे मिळतात. सूर्यावर चालणारी राखण विजेच्या खांबावर अवलंबून नसते, हा पहिला. आणि वाऱ्यात सैल पॅनेल पत्र्यासारखे उडते व कोणाच्या डोक्यात बसू शकते, हा दुसरा. म्हणून पॅनेल चार बोल्टांनी पक्के बसवावे आणि वादळाचा इशारा येताच ते काढून घरात ठेवावे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच.

वॅट हेही मापच आहे

मापात खोट करणे आपल्या दीनमध्ये किती गंभीर गुन्हा आहे, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. तराजू आणि फूटपट्टीला जो नियम, तोच वॅटला. स्वस्त पॅनेलवर चाळीस वॅटची चिठ्ठी असते आणि आत वीसचाही माल नसतो. घेणाऱ्याने दुकानाच्या दारातच तपासावे. दुपारच्या स्वच्छ उन्हात मल्टिमीटरने पॅनेलचे उघडे व्होल्ट मोजावे. ते २१-२२ च्या आसपास हवेत. मग मीटर दहा अँपिअरवर ठेवून दोन्ही तारांमधली धार मोजावी. वीस वॅटच्या पॅनेलला ती १.२ अँपिअरच्या जवळ हवी. अर्धीच आली तर पॅनेलही अर्धेच आहे. विकणाऱ्या बांधवांनी ही तपासणी गिऱ्हाइकाने मागण्यापूर्वी स्वतः करून दाखवावी. अशा दुकानाचे नाव आपोआप पसरते आणि बरकतही त्यातच आहे.

पैशाचा हिशेब

बाजारभाव बदलत असतात, म्हणून येथे एक मानलेला हिशेब देतो. प्रत्येकाने आपल्या दुकानातले भाव घालून तो पुन्हा करावा. समजा बॅटरीची जोडी २४,००० रुपयांना येते. ती नीट सांभाळली तर चार वर्षे चालते, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये खर्च. हेळसांडीमुळे ती दोनच वर्षांत गेली तर वर्षाला १२,०००. फरक वर्षाला ६,००० चा. दोन पॅनेले, कंट्रोलर, तार, फ्यूज आणि स्टँड मिळून समजा ५,००० रुपये लागले, तर पहिल्याच वर्षात ते सुटतात. बुडालेली भाडी आणि जळालेले डिझेल यात धरलेलेच नाही. चांगले पॅनेल वीस वर्षांच्या आसपास टिकते, तोवर मालकाच्या दोन गाड्या बदललेल्या असतील.

एवढ्या रकमेसाठी हप्त्यावर, व्याजाच्या फेऱ्यात पडण्याचे काहीच कारण नाही. हंगामाच्या शेवटच्या दोन-तीन भाड्यांतून थोडे बाजूला ठेवले तरी भागते. ज्याला तेही जड जाते त्याला नातलग किंवा जमातीतल्या सधन बांधवांनी कर्जे-हसना द्यावे. गाडी चालू राहिली तर ते परत येईलच.

कारागिरांना दोन शब्द

या कामात इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर बांधवांसाठी पावसाळ्यातली रोजी आहे. याच दिवसांत त्यांच्याकडेही काम कमी असते. मे अखेरीस गाड्या तपासून बॅटरी भरणे, गळती मोजणे, स्टँड व पॅनेल बसवणे आणि दर पंधरा दिवसांनी फेरी मारून व्होल्ट लिहून ठेवणे, अशी पुरी सेवा ठरलेल्या रकमेत देता येईल. मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनपासून लागते. भरडखोल, दिघी, जीवना येथे ओढून शाकारलेल्या यांत्रिक नौकांच्या बॅटऱ्यांचीही हीच कथा असते. तेव्हा गिऱ्हाइकाची वाण नाही.

वेल्डरांनी एक काळजी घ्यावी. स्टँड शक्यतो दुकानात तयार करून गाडीवर बोल्टने बसवावा. गाडीवरच वेल्डिंग करणे भाग पडले तर आधी बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प आणि संगणकाचे जोड काढावेत. एका टाक्यासाठी मालकाचा महागडा संगणक जाळणे परवडणारे नाही, आणि सोपवलेली गाडी ही अमानत आहे.

जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवतो. त्या धुराने सर्वांत आधी जवळ राहणाऱ्या मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. २००१ च्या आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या नियमांचा रोख हाच आहे की जुनी बॅटरी विक्रेत्यामार्फत परवानाधारक कारखान्याकडे परत जावी. नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीची वजावटही मिळते, म्हणजे तोटा काहीच नाही.

उजळणी

गाडी लावण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरा. कट-ऑफ बंद करा. गळती मोजा. पॅनेल जुलैच्या हिशेबाने घ्या. कंट्रोलरशिवाय जोडू नका. फ्यूज बॅटरीजवळ लावा. सावली, मीठ आणि वारा यांकडे लक्ष ठेवा. पंधरा दिवसांनी व्होल्ट लिहा.

एवढे केले तर पावसाळा संपून पहिल्या भाड्याचा निरोप येईल तेव्हा शेजाऱ्याची केबल शोधावी लागणार नाही. बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवावी, इन्शाअल्लाह गाडी पहिल्या सेल्फला सुरू होईल.